करवंटीखालचं घड्याळ

माझ्या दोन्ही बाळांनो,

थोरल्याने शाळेसाठी लिहिलेला निबंध मला तपासायला पाठवला, तो मी दोनदा वाचला. वाक्यं लांबट आहेत, पण ते वयानं सुधारेल. विषय होता 'आमच्या घरात सांगितली जाणारी एक गोष्ट'. तू लिहिलंस, की वसईला आजीआजोबांच्या पिकअप गाडीच्या एका नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं आणि त्यामुळे एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचं काम जायची वेळ आली. हे तू तुझ्या बाबांकडून ऐकलंस. तुझ्या बाबांनी ते त्या दिवशी विरारच्या पुलाच्या पायथ्याशी उभं राहून ऐकलं. त्यात तुम्हा दोघांची चूक नाही. पण नळीत माशी नव्हती, हे ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे.

तीस वर्षं मी आठवीच्या मुलांच्या विज्ञानाच्या वह्या तपासल्या. चूक दिसल्यावर त्याखाली रेघ न मारता वही परत करणं मला जमत नाही. म्हणून हे पत्र. धाकटीनं ते मोठ्यांदा वाचावं आणि थोरल्यानं मध्ये बोलू नये.

तो म्हातारा ड्रायव्हर म्हणजे काका. ते आमचे कोणी लागत नव्हते. आमची वाडी गासला, तुम्ही पाहिलेली. वाडीच्या मागच्या बाजूला जी खोली आहे, जिथे पूर्वी राजेळी केळी सुकवून सुकेळी करायला ठेवत, त्या खोलीत ते राहत. त्यांचं मूळ गाव मिठागरांच्या बाजूचं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. कापड रंगवायच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात बॉयलरवर काढली. कारखाना बंद झाला, तेव्हा वय झालेलं, पण लायसन्स होतं. आजोबांना वाडीची भाजी आणि सोनचाफा विरारला, फुलपाड्याला पोचवायला ड्रायव्हर हवा होता. आजोबांनी विचारलं, गाडी येते का? काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडून आत बघितलं आणि म्हणाले, "गाडी येते. पन घड्याळ कुठाय?"

आजोबांना वाटलं वेळेचं विचारतात. त्यांनी मनगट पुढे केलं.

काकांना हवं होतं ते दाबाचं घड्याळ. मेकॅनिक त्याला गेज म्हणतात. डिझेल गाडीत टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेल आपोआप वाहत नाही. एक छोटा पंप ते टाकीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि इंजिनाच्या मोठ्या पंपाला देतो. ते किती जोरानं पोचतं यावर इंजिनाची तब्येत अवलंबून असते. फिल्टर तुंबला, पंप थकला, कुठे हवा शिरली, तर आधी हा जोर कमी होतो. गाडी बरीच नंतर तक्रार करते, आणि तोवर मोठा पंप आतून झिजलेला असतो. आमच्यासारख्या गाडीला हा दाब दाखवणारं काहीच नसतं. टाकीत किती डिझेल आहे ते दिसतं, ते कसं चाललंय ते दिसत नाही.

काकांनी पहिल्याच महिन्यात कुठूनसं तीस पौंडांपर्यंत दाब दाखवणारं एक जुनं पितळी घड्याळ आणलं आणि फिल्टरच्या पुढे जोडून घेतलं. ते स्टिअरिंगजवळ लावायला त्यांनी साफ नकार दिला. डिझेलची नळी माणसं बसतात तिथे आणायची नाही, आगीला घरात जेवायला बोलवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून घड्याळ बसलं बाहेर, बॉनेटवर, काचेसमोर, तोंड ड्रायव्हरकडे करून. पावसानं काच धुरकटू नये म्हणून त्यांनी अर्धी करवंटी घासून गुळगुळीत केली, तिला भोक पाडून तार ओवली आणि घड्याळावर छपरासारखी बसवली. अशी गाडी सगळ्या तालुक्यात एकच होती. पोरं रस्त्याच्या कडेनं ओरडत, नाकावर नारळ, नाकावर नारळ. काका त्यांना हात हलवून दाखवत. त्यांना तो मान वाटे.

त्यांची एक सवय मात्र लोकांना खटकायची. कुठलाही काटा दिसला की ते त्याच्या काचेवर नखानं दोनदा टिचकी मारत आणि मगच वाचत. भाजीवाल्याचा तराजू असो, गॅस एजन्सीतला वजनकाटा असो, माझ्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ असो. एकदा आजोबांबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टरांनी आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, पंप दाबला, आणि यांनी मागून हात लांब करून त्यांच्या यंत्रावर टिचकी मारली. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्हीच लिहून द्या औषध." काका म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी फक्त त्याला जागा केला."

का ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कारखान्यात त्यांच्या जोडीदारानं एक पाळीभर अडकलेल्या काट्यावर विश्वास ठेवला होता. काटा बरोबर जागेवर होता, म्हणून तो निवांत होता. काका पाळी बदलायला आले, टिचकी मारली, आणि काटा एकदम लाल रेघेपलीकडे गेला. कोणाला इजा झाली नाही. "पन त्या दिवशी मी घरी चालत गेलो," एवढंच ते म्हणाले. किती लांब, ते मी विचारलं नाही.

रोज सकाळी नऊला गाडी निघे. वाडीच्या फाटकाशी टिचक्या व्हायच्या, मग चर्चच्या वळणावर, नालासोपाऱ्याच्या सिग्नलला, विरारच्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी आणि फुलपाड्याला पोचल्यावर. या पाचही ठिकाणी ते गाडी बाजूला घेत, इंजिन चालू ठेवून उतरत, करवंटी वर करून काटा बघत आणि मागच्या फळीच्या आतल्या बाजूला खडूनं आकडा लिहीत. खडू माझे, शाळेतून निवृत्त होताना राहिलेले. काटा सहावर असायचा. वर्षानुवर्षं सहा. मागच्या फळीवर सहाच्या रांगा लागत, महिनाअखेरीला ते फळी धुवून काढत. आजोबा म्हणत, अहो रोज सहाच लिहायचं तर एकदाच रंगानं लिहून टाका. काका म्हणत, "काटा कोनाचा नातेवाईक नाय, भाऊ. आज सहा म्हनून उद्या सहा, असं त्यानं कोनाला वचन दिलेलं नाय."

मला त्यांचं हे पटत असे. मीही थोडी तशीच आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या दाराजवळच्या फळीवर प्रत्येक किल्लीला खिळा आणि प्रत्येक खिळ्याखाली चिठ्ठी आहे. डिझेलच्या टाकीच्या झाकणाला कुलूप होतं, कारण त्याआधी कोणीतरी रात्रीत टाकी उपसली होती. त्याची किल्ली चौथ्या खिळ्यावर. नियम असा, की रविवारी संध्याकाळी गाडी पंपावर न्यायची, टाकी काठोकाठ भरायची आणि किल्ली परत चौथ्या खिळ्यावर लावायची. ती आठवडाभर खाली उतरत नसे. हा नियम माझा. पुढे त्याला महत्त्व आहे.

आता मी काय केलं ते लिहिते.

एका मार्च महिन्यात फुलपाड्याहून तक्रार आली. तिथल्या तीन-चार इमारतींतल्या बायका आमच्याकडून भाजी घेत. त्यातल्या एकीनं फोन करून सांगितलं, की अळूच्या पानांना डिझेलचा वास येतो, वड्या टाकून द्याव्या लागल्या. मला फार लाज वाटली. आमच्या वाडीची अळूची पानं आजवर कोणी टाकून दिली नव्हती. दुपारी काका झोपले होते. मी गाडीच्या मागे गेले, कुत्र्यासारखी वास घेत फिरले, आणि वास कुठून येतो ते शोधून काढलं. मागच्या फळ्यांच्या खाली, टाकीच्या वरच्या अंगाला, करंगळीएवढी एक रबरी नळी होती, तोंड उघडं, कुठेच न जोडलेली. मला वाटलं, कुठला तरी सुटलेला, वापरात नसलेला भाग. मी आत आले, दुधाची प्लास्टिकची पिशवी धुवून घेतली, तिचा तुकडा नळीच्या तोंडावर बसवला, त्यावर उशीच्या जुन्या निळ्या चौकटीच्या अभ्र्याचा तुकडा, आणि वर दोरा सात वेळा गुंडाळून गाठ मारली. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात ना, तसा. माझी आई दादरा फक्त कापडाचा बांधत असे. खालचं प्लास्टिक ही माझी सुधारणा होती.

वास थांबला. मी हात धुतले आणि विसरून गेले. कोणाला सांगायला हवं असं मला वाटलंच नाही. आपण बरणी बांधली हे कोणी घरभर सांगत फिरतं का?

पुढच्या सोमवारी काका तासभर उशिरा पोचले. पुलाच्या पायथ्याशी काटा सहावरून तीनवर आला होता. त्यांनी गाडी बंद केली, वीस मिनिटं थांबले, पुन्हा चालू केली, काटा पाचवर. हळूहळू गेले. मंगळवारी सहा. बुधवारी सहा. त्यापुढच्या सोमवारी पुन्हा तीन.

फिल्टर बदलला. सोमवार आला, पुन्हा तेच. छोटा पंप बदलला, पुन्हा तेच. सोनचाफा उशिरा पोचला की हारवाला घेत नाही. फुलपाड्याच्या बायका दुसरीकडून भाजी घेऊ लागल्या. शेजारचे एकजण येताजाता फाटकावर थांबून विचारत, "काय, आज उपास आहे वाटतं गाडीचा?" गाडी सोमवार धरते ही थट्टा महिनाभरात अर्नाळ्यापर्यंत पोचली. आम्ही तिकडून सुक्या मासळीचं खत आणत असू. तिथली कोळीण आजोबांना म्हणाली, तुमच्या गाडीला साबुदाण्याची खिचडी घाला.

मेकॅनिकनं गाडी गुरुवारी पळवून बघितली. एकदम मस्त. परत येऊन तो आमच्यासमोरच म्हणाला, "काका, तुमचा हा गेजच बोगस आहे. काढून फेका, टेन्शन खल्लास."

तुमचे बाबा तेव्हा अंधेरीला नोकरीला होते, अजून लग्न व्हायचं होतं. त्यांना मेकॅनिकचं पटलं. नुसतं पटलं नाही, त्यांनी एक गोष्ट नेमकी पकडली. काका कधीही गाडी बंद पडू देत नसत. काटा उतरला की तेच बाजूला घेत. म्हणजे गाडी रस्त्यात बंद पडलेली कोणी पाहिलीच नव्हती. बाबा मला स्वयंपाकघरात म्हणाले, "आई, गाडी बंद पडत नाही. काका बंद करतात." त्यांच्या मते सत्तरी जवळ आलेला माणूस एका जुन्या काट्याच्या नादानं चालती गाडी रस्त्यात थांबवत होता. उद्या कुठेतरी मधोमध थांबवतील, मागून कोणी येऊन आदळेल. त्यांचं म्हणणं, गाडी विकू, टेम्पो भाड्यानं लावू, काकांना म्हणावं आता आराम करा. खोली राहू दे त्यांना. त्यांनी एक गिऱ्हाईकही बघितलं. पुढच्या सोमवारी संध्याकाळी तो गाडी बघायला येणार होता.

आजोबा वाडीत पाणी सोडायला निघून गेले. मला मनातून वाटत होतं, की मुलाचं बरोबर असेल. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसंच वाटत होतं.

काकांना सांगायचं काम माझ्यावर आलं. ते खोलीच्या पायरीवर बसून नखं कापत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "घड्याळ काढलं तरी गाडी थांबायची ती थांबनारच, बाई. फक्त कोनाला कळनार नाय." नखं झाडून म्हणाले, "आराम करायचा म्हंजे काय बघायचं, ते सांगा."

मी घरात येऊन किल्ल्यांच्या फळीवरच्या चिठ्ठ्या पुन्हा सरळ केल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीमागे बोलावलं. मागची फळी त्यांनी दोन महिने धुतली नव्हती. सहा, सहा, सहा, आणि मध्ये तीन, साडेतीन, तीन. त्यांनी मला विचारलं, "रविवारी टाकी गळ्यापर्यंत भरता, ती कशाला?" मी सांगितलं, म्हणजे आठवडाभर बघावं लागत नाही. ते म्हणाले, या रविवारी अर्धीच भरू. सोमवारी बघू.

अर्धी भरली. त्या सोमवारी काटा सहावरून हलला नाही. गिऱ्हाईकाला काही काम निघालं म्हणून त्यानं येणं आठवडाभर पुढे ढकललं. ही आमच्या नशिबाची गोष्ट. तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं, बघ, गाडीला काही झालेलंच नाही. काका मात्र खूश होते. मी त्यांना म्हटलं, टाकीत घाण असती तर डिझेल कमी असताना त्रास व्हायला हवा, भरलेली असताना नाही. इथे उलटं आहे. काका म्हणाले, "हां. आता तुम्ही बाई बोलताय." एवढं बोलूनही मला माझी बरणी आठवली नाही. आठवीला दर वर्षी मी एक प्रयोग करून दाखवत असे, त्याकडे मी लवकरच येते.

पुढच्या रविवारी त्यांनी टाकी पुन्हा काठोकाठ भरायला लावली, आणि सोमवारी निघताना म्हणाले, "चौथ्या खिळ्याची किल्ली बरोबर घ्या. आनि तुम्ही पन या." तुमच्या बाबांनी त्या दिवशी रजा काढली होती. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं आणि त्याला काही सांगायच्या आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पुढे आम्ही तिघं बसलो, मी मध्ये, माझ्या मांडीवर चाफ्याची टोपली.

चर्चच्या वळणावर सहा. सिग्नलला पाच. तिथून पुढे काका उतरलेच नाहीत, करवंटीखाली बसल्या जागेवरून बघत राहिले. मीही बघत होते. साडेचार. चार. गाडी मात्र छान चालली होती, हे मलाही कळत होतं. पुलाचा चढ समोर दिसायला लागला तसा त्यांनी डावा दिवा लावला.

"काका, थांबू नका," तुमचे बाबा म्हणाले. "गाडी चालतेय ना?"

"चालतेय. अजून अर्धा किलोमीटर चालेल."

"मग चालवा ना."

"अर्धा किलोमीटरवर पुलाचा मध्य येतो, बाबू. तिथं उभं राहायचं का, तुमच्या आईला घेऊन?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं. तुमच्या बाबांना म्हणाले, तुम्ही पुढे उभे राहा, करवंटी वर करा आणि काटा काय सांगतो ते मोठ्यांदा बोला. टिचकी मारायला विसरू नका. तुमचे बाबा ऑफिसच्या शर्टात विरारच्या रस्त्यावर उभे राहिले, एका हातात करवंटी. त्यांनी टिचकी मारली आणि म्हणाले, तीन. माझ्याकडून किल्ली घेऊन काका मागे गेले. त्यांनी झाकण उघडलं.

टाकीनं श्वास घेतला. दुसरा शब्द मला सापडत नाही. पाण्याखालून वर आलेलं माणूस तोंड उघडून जसं हवा ओढतं, तसा लांब, जोराचा आवाज झाला.

पुढून तुमच्या बाबांचा आवाज आला, "चार. पाच." मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "काका, सहा."

काकांनी झाकण लावलं आणि गाडी बंद केली. कमरेतून वाकले आणि मागच्या फळ्यांखाली शिरले. फक्त चपला बाहेर. आम्ही दोघं उभे होतो. बाबा विचारत होते, आई, हे काय झालं, आणि मी शिक्षिकेच्या सवयीनं सांगायला लागले. डिझेल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ती आली नाही, तर आत पोकळी होते आणि पंपाला ओढवत नाही. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. म्हणून सोमवार. गाडी थांबली की कुठल्या तरी फटीतून थोडी हवा झिरपते, म्हणून वीस मिनिटांनी काटा वर यायचा. टाकीला हवेची वाट असतेच, एखादी छोटी नळी...

तिथे मी थांबले. मला दोऱ्याचे सात वेढे आठवले.

काका बाहेर आले. उजवी मूठ बंद होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "कुंभारनीचं घर," ते म्हणाले. "हवेच्या नळीत. फोडून टाकलं."

बाबा हसायला लागले. इतके हसले की त्यांना बॉनेटचा आधार घ्यावा लागला. एका माशीनं दोन महिने नाचवलं, म्हणाले. त्यांनी तिथूनच गिऱ्हाईकाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. फोन ठेवून ते काकांसमोर उभे राहिले. काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून म्हणाले, "काका, पुढच्या वेळेस मी ऐकेन." काका म्हणाले, "माझं नका ऐकू. त्याचं ऐका," आणि घड्याळाकडे बोट केलं. त्या बोटांच्या फटीतून निळ्या चौकटीच्या कापडाचं टोक दिसत होतं. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे काकांनी पाहिलं. मूठ खिशात गेली.

फुलपाड्याला आम्ही वेळेत पोचलो. हारवाल्यानं सगळा चाफा घेतला. परतीच्या वाटेवर मी रिकामी टोपली मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले. तुमच्या बाबांना वाटलं, मला ऊन लागलं.

तीन दिवस मी गप्प राहिले. मला सांगता आलं असतं. आजोबा रागावले नसते, बाबांनी थट्टा केली असती, एवढंच. पण आधी मुलाचं ऐकून त्या माणसाला आराम करा सांगायला मीच गेले होते, आणि दोष माझ्याच सात वेढ्यांचा होता. काका एक वाक्य बोलले असते तर मोकळे झाले असते, आणि मी घरात खाली मान घालून बसले असते. काका ते बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी काका मागच्या दारी आले. हातात खोबरेल तेलाचा न फोडलेला डबा आणि एक खिळा. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला.

"बाई, याला दोन भोकं पाडून द्याल का? एकानं तेल येतं, दुसऱ्यानं हवा जाते."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "तीस वर्षं आठवीला हाच प्रयोग दाखवलाय. एक भोक पाडून डबा उलटा करायचा, मग दुसरं पाडायचं."

"ठाऊक हाये म्हनून तर आनला. ज्याला ठाऊक नाय, त्याला कोन चिडवनार?"

मग मी हसले, आणि मला रडूही आलं. दोन्ही भोकं मी पाडली. मी त्यांना विचारलं, मुलासमोर खोटं का बोललात? ते म्हणाले, त्याला गाडी कशानं थांबली ते हवं होतं, कोणामुळे ते कशाला? मग खिशातून माझा निळा तुकडा काढला, धुवून घडी केलेला. प्लास्टिक त्यांनी टाकून दिलं होतं. म्हणाले, दादरा बांधायचाच, पण हवा जाईल असा. वास येत होता तोही खोटा नव्हता. त्यांनी त्या नळीला दुसरी लांब नळी जोडून तिचं तोंड भाजीपासून दूर, मागच्या बंपरखाली नेलं आणि टोकाला मच्छरदाणीच्या जाळीचा दादरा बांधायला मला सांगितलं. गाठ तुमचीच चांगली, म्हणाले. मी दोनच वेढे घेतले. पुन्हा कधी अळूला वास आला नाही आणि गाडीनं सोमवार धरला नाही.

काका त्यानंतर सहा वर्षं गाडी चालवत होते. थोरल्या, तू दोन वर्षांचा असताना त्यांनी तुला बॉनेटवर बसवून काचेवर टिचकी मारायला लावली होती. त्याचा फोटो तुमच्याकडे आहे.

गाडी त्यांनी स्वतःच सोडली. एका सकाळी फाटकाशी त्यांनी काटा वाचला आणि फळीवर सहा लिहिलं. मी सहज बघितलं तर काटा साडेचारवर होता. मी काही बोलायच्या आत त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी करवंटी वर केली, डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग गाडीची किल्ली घरात नेऊन फळीवर तिच्या जागी, दुसऱ्या खिळ्यावर लावली. "फिल्टर बदला," म्हणाले, "आनि ड्रायव्हर." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. काटा खरं बोलत होता आणि चूक वाचणाऱ्याची होती, हे त्यांना सोसण्यासारखं होतं. मला वाटतं, ते थोडे सुटल्यासारखेही झाले.

गाडी विकण्याआधी त्यांनी घड्याळ काढून घेतलं. आराम करायचा म्हणजे काय बघायचं, याचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. विहिरीवरच्या पंपापासून ठिबकच्या नळ्या निघतात, तिथल्या मोठ्या पाइपवर त्यांनी ते बसवलं, करवंटीसकट. रोज सकाळी दोन टिचक्या आणि आकडा खडूनं पंपाच्या खोलीच्या दारावर. गेल्या वर्षी श्रावणात ते त्या मागच्या खोलीत झोपेत गेले. आदल्या दिवशीचा आकडा दारावर होता. मी तो पुसला नाही, पावसानं पुसला.

इथवरचं पत्र मी काल आजोबांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं दर मार्चात पंपाच्या प्रत्येक नळीत काडी घालून कुंभारीण शोधतो, ती कोणाची?" मी म्हटलं, माझी. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला वाटलं होतं, सांगताना जड जाईल. तसं काही झालं नाही. रात्री छान झोप लागली.

थोरल्या, निबंधात माशी खोडून तिथे 'माझी आजी' असं लिही. बाकीचं बरोबर आहे. बाबांनाही वाचायला दे.

गाडी आता नाही. फळीवरचे खडूचे आकडे नाहीत. पहिली करवंटी तडकली, ही दुसरी मी घासली आहे, तेवढी गुळगुळीत झालेली नाही. निळा तुकडा माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. घड्याळ विहिरीवर आहे आणि चालू आहे. आज सकाळी सात वाजता दोन टिचक्या मारल्यावर काटा बारावर होता.

तुमची,
आजी